जव्हारच्या बदलीचं गाऱ्हाणं

आमच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसत. इंग्रजी शब्द कानावर पडला की त्याचं लॅटिन मूळ उपटल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. त्यातही हालचालीचे शब्द फार लाडके. "मोटर, मोशन, प्रमोशन, सगळी एकाच बापाची पोरं. मूव्हेरे, म्हणजे हलणं," असं ते टेबलाखाली पाय पसरून सांगत. स्वतः मात्र गावाला लागून असलेल्या भाट्याच्या खाडीपुढे कधी हलले नाहीत.

एके दिवशी त्यांचं प्रमोशन आलं आणि सोबत दूर डोंगरातल्या जव्हारला बदली. गृहस्थ पिवळे पडले. दुसऱ्या दिवशी सगळ्या कचेरीला घेऊन ग्रामदेवतेच्या देवळात गेले, नारळ ठेवला आणि गुरवाला बाजूला सारून स्वतःच गाऱ्हाणं घालू लागले.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराला प्रमोशन दिलंस, ते राखून ठेव."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"पण ही जी ट्रान्सफर मागे लागलीय, ती दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मार."

"व्हय म्हाराजा." सवयीने सगळ्यात मोठा आवाज माझाच लागला.

महिनाभरात जव्हारची ऑर्डर आली, माझ्या नावाची.

एसटी स्टँडवर ते मला पोचवायला आले. म्हणाले, "ट्रान्स म्हणजे पलीकडे, आणि फेरे म्हणजे वाहून नेणं. कळलं ना?"

मी ट्रंक डोक्यावर घेऊन टपाची शिडी चढत होतो. त्यांचे दोन्ही हात खिशात होते.