अक्कांची दुपारची झोप

अक्का झोपेत दात खायच्या. नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले. पहिल्याच दुपारी आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात चटईवर आडव्या झालो आणि जात्यात खडा आल्यासारखा आवाज सुरू झाला. मी दचकून उठले. शेजारी माझ्या थोरल्या जाऊबाई, शांत चेहऱ्याने, गाढ झोपलेल्या.

जागेपणी या बाईच्या तोंडून चढा शब्द कधी आला नाही. थोरले दीर, म्हणजे अण्णा, चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानातून जेवायला आले की आमटीपासून माहेरापर्यंत अक्कांचा उद्धार करत. अक्का वाढत राहायच्या. मी चिडले की म्हणायच्या, "सरी, बिडू गं. बरं, सोडून दे. बोलून आमटी बदलतीय काय?" पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखात राहिलेल्या त्या घराची मराठी अशीच होती.

सासूबाईंचं निदान ठाम होतं: पोटात जंत. वावडिंगाचा काढा पाजून पाजून त्यांनी अक्कांचं तोंड कडू करून टाकलं. दात मात्र झिजतच गेले. स्वतः तळलेली पहिली चकली कडकन मोडून खायची, हा अक्कांचा दिवाळीतला एकमेव हट्ट. तीही चहात बुडवून खाऊ लागल्या, तेव्हा मीच त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. "बायकांना काय कळतंय," म्हणत अण्णाही आले.

दाढा पाहून डॉक्टरांनी विचारलं, "कसली काळजी आहे? मनात काही दाबून ठेवता?"

अक्कांनी बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "हिला कसली काळजी? बसून खातीय."

अक्का नुसत्या हसल्या. "सरी," म्हणाल्या.

डॉक्टरांनी झोपताना दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी करून दिली. दिवसा ओठ मिटलेले असू देत, पण दाताला दात लावू नका, असंही सांगितलं. अक्का शेगडीपुढे ते मन लावून करायच्या. दारात अण्णांच्या चपला वाजल्या की मात्र त्यांच्या कानशिलाची शीर ताठ व्हायची. मला ती रोज दिसायची. एकदा न राहवून मी अण्णांना बोलले, तर त्या दिवशी अक्कांनाच दुप्पट ऐकावं लागलं. पट्टी चावून चावून फुटली.

शेवटी दात काढावेच लागले. कवळी आली; दुपारी ती पाण्याच्या वाटीत असायची. आवाज बंद झाला. "बघा, गेले शेवटी जंत!" सासूबाई म्हणाल्या. सगळ्या घराला हायसं वाटलं.

मी शेजारीच निजत होते. अक्कांचा रिकामा जबडा हलत होता, तसाच.