मंगीसाठी नारळ

जगबुडी झाली तरी ती स्वस्थ बसून बघणं आमच्या आत्याला जमणार नाही. पाणी गळ्याशी आलं की ती शेजारणीला उठवायला जाईल, वाटेत विसरलेली कोयती आठवून परत फिरेल, आणि या येरझाऱ्यांत तिचं बुडायचं राहूनच जाईल.

घणसोलीला खाडीच्या काठावर आमच्या घराला लागूनच तिचं घर आहे. बाबांची ती थोरली बहीण. नवरा गेल्यापासून होडी, जाळं आणि आमचं घर असे तिन्ही कारभार तीच बघते, आणि तिन्ही उभ्यानंच. ताटली हातात घेऊन अंगणात फिरत जेवते. जाळं विणते ते खांबाला टोक बांधून मागंपुढं चालत. एका लग्नात भटजी तिला "बसून घ्या" म्हणाले, तर "तुमी चालू द्या, मी हाय इथंच" म्हणून ती मांडवातून निघाली, खाडीला भरती किती चढली ते पाहिलं, आणि अक्षता पडायच्या आत परत आली.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी मात्र तिच्यापेक्षा माझाच जीव थाऱ्यावर नव्हता. मला मुंबईला हॉस्टेलवर राहून कॉलेज करायचं होतं. बाबा राजी होते, पण आमच्याकडे थोरल्या बहिणीच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही, आणि आत्यानं नाही म्हणून टाकलं होतं. "ठान्याच्या शाळेला भिंत होती, दारावर सिस्टर होती. मुंबईला काय हाय? एकटी पोर मेली तरी कोन बघनार?" प्रवेशाचे दिवस संपत आले होते. तिच्याशी वाद घालायची माझी छाती नव्हती. मी कोपरा धरला आणि ठाण्याच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनं निरोप देताना दिलेल्या गोष्टीच्या पुस्तकात डोकं घातलं.

"काय गो वाचतंस सारकी?" आत्यानं जाता जाता विचारलं.

बॉम्ब पडून शहर ओस पडलंय, आणि पंधरा वर्षांची एक मुलगी एकटीच उरलीय, एवढं मी सांगितलं. आत्या दारातून परत आली. "मंग? जेवली कं ती?"

त्या दिवसापासून मी इंग्रजीतून वाचायची, मराठीतून सांगायची, आणि आत्या माझ्याभोवती फिरत ऐकायची. मार्गारेट हे नाव तिनं पहिल्याच दिवशी मोडीत काढलं आणि पोरीची मंगी झाली. मंगी बंद दुकानातले डबे फोडून मासे खाते म्हटल्यावर, "डब्यातली मासली? खारवलेली कं सुकवलेली?" याचा खुलासा पुस्तकात नव्हता, तर तिनं लेखकालाच आळशी ठरवलं. मंगीच्या मागं रानटी कुत्री लागली तेव्हा ओहोटी लागली होती, आत्याला चिंबोऱ्या धरायला जावं लागलं. अर्ध्या तासात ती गुडघाभर चिखलानिशी माझ्यापुढं उभी. "मना आदी सांग, वाचली कं पोर?" वाचली म्हटल्यावर चिखल तसाच ओसरीवर ठेवून पुन्हा खाडीत.

पुस्तकातलं आणि गावातलं असे दोन वेगळे कप्पे आत्याच्या डोक्यात नव्हते. तुर्भ्याच्या बाजारात मासळीबरोबर ती मंगीचीही खबर द्यायची. परिणाम व्हायचा तोच झाला. एके दुपारी बाजारातली एक ओळखीची कोळीण भाच्यासाठी स्थळ बघत आमच्या दारात आली.

"तुमची ती मंगी, अजून एकटीच र्‍हाते कं?"

"एकटीच," आत्या अभिमानानं म्हणाली.

"मंग राहूं दे, बाय. एकटी र्‍हायलेली पोर कोन सून करनार?"

मी 'अहो, ती पुस्तकातली' म्हणायला तोंड उघडलं, पण आत्याचा पदर खोचून झाला होता. "एकटी र्‍हायली म्हनून वाईट झाली कं? तिच्यामागं कुत्री लागली, तोंडात पानी नव्हतं, तरी तिनं कुनाचं चोरलं नाय!" (डब्यांचा तिला विसर पडला होता.) "आनि तुजा भाचा? भिंतीआड ठेवला त्याला, तरी शिकला कं? पोरीत दम असंल तर ती कुटंबी…"

आणि आत्या थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग हळूच उंबऱ्यावर बसली. चांगली मांडी घालून. पाहुणी घाबरून पाणी आणायला धावली.

संध्याकाळी बाबा कामावरून आले तेव्हाही ती तिथंच होती. "धाड तिला," एवढंच म्हणाली, आणि उठून जाळ्याकडे गेली.

पहिल्याच वर्षी नारळी पौर्णिमेला मी हॉस्टेलवरून घरी आले. मिरवणूक निघायच्या आतच आत्या कमरेइतक्या पाण्यात शिरली होती. एक नारळ होडीचा, तो तिनं रीतीनं सोडला. दुसरा मंगीचा.

"आत्ये, पुस्तक संपलं ना? शेवटी तिला माणसं भेटली. पोचली ती."

"पोचली, म्हनून काय झालं?" तिनं माझ्याकडे वळून पाहिलं नाही. "आता तिथं र्‍हायला नको कं?"

हॉस्टेलवरच्या त्या पहिल्या महिन्यांबद्दल मी घरी कुणाला काही बोलले नव्हते. आत्याच्या ओच्यात अजून एक नारळ होता. तो कुणाचा ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिनं तो अंगातलं सगळं बळ लावून लांब फेकला, आणि ओहोटीच्या पाण्यावर त्यानं मुंबईची दिशा धरेपर्यंत ती तिथंच, अजिबात न हलता, उभी राहिली.