राजीनाम्याचा परिच्छेद

काल इथे स्टुटगार्टला, कंपनीत पाचव्यांदा कराराची मुदत वाढवून घेताना खोकल्यासाठी तोंडात लवंग टाकली आणि त्या वासासरशी मी सातवीतल्या वक्तृत्व स्पर्धेच्या स्टेजवर जाऊन पोचलो.

तेव्हाही आईने घशासाठी लवंग दिली होती. भाषण बाबांनी लिहिलेलं, अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातल्या एका लोकप्रतिनिधीवर. मूळचा शेतकरी, चार वेळा निवडून आला आणि शेवटी राजीनामा देऊन आपल्या शेतावर परतला. पहिली सोडून प्रत्येक निवडणुकीचा परिच्छेद एकाच वाक्याने सुरू व्हायचा: "लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले." तिथेच मी घसरलो. तिसऱ्या निवडणुकीवरून परत दुसरीवर. वेळ संपल्याची घंटा झाली, सदरा पाठीला चिकटला, तरी मी त्याला निवडूनच आणत होतो. पहिल्या रांगेतून बाबा नुसते ओठ हलवत होते, "राजीनामा, राजीनामा."

तेव्हा मला माझीच लाज वाटली होती. काल मात्र, माझ्या भाषणात शेतावर कधी परतूच न शकलेल्या त्या शेतकऱ्याची कीव आली.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "या वर्षी तरी कायमचा येतोयस ना रे?"

"पुढच्या वर्षी नक्की, बाबा."

हे वाक्य म्हणताना मी कधीच अडखळत नाही.