मन्याला खरंच भूक लागायची

मन्या खाऊन मेला न्हाई.

हे वर्षभर सांगून राहिलो. दुकानात, लग्नात, एसटीत.
आता थकलो बाबा. एकदाच इथं लिहितो, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

आमचा मन्मथ. नायगावात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. बसला की खालचं स्टूल दिसायचंच न्हाई.

अन् मी त्याचा जिगरी दोस्त. म्हंजे सगळ्यात जास्त छळणारा.

पंगतीत माझा एकच धंदा. बुंदीवाला पुढं गेला की बोंबलायचं,
"ओ मामा, मन्मथअप्पाला वाढा! लाजून राहिलाय!"

मन्या ताटावर दोन्ही हात आडवे धरायचा. बोटांच्या फटीतून बुंदी पडायचीच.
त्यांच्या घरात ताटात कण टाकत न्हाईत. पडलं की खायचं. ताट धुऊन ते पाणी बी प्यायचं.

सगळी पंगत हसायची.

घरी जाताना मन्या म्हणायचा, "भूक लागली रे."
"आत्ता उठलास की! नाटक्या!"

दोन वर्षांमागं त्याला लातूरला दाखवायला नेलं. डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढलं.

"चरबी नुसती पडून नसते. ती लेप्टिन नावाचं हार्मोन सोडते. ते रक्तातून मेंदूत जातं. तिथल्या पेशींवर त्याचे रिसेप्टर असतात, कुलपात चावी बसावी तसं ते बसतं. मग मेंदूला कळतं, साठा भरपूर आहे, भूक कमी करा."

मी म्हणलं, "मग ह्याची चावी हरवली का, मॅडम?"

"उलट. चाव्या ढिगानं आहेत. पण निरोप आत नीट पोचत नाही. मेंदूला वाटतं, माणूस उपाशी आहे. मग तो भूक वाढवतो, आणि शरीर ऊर्जा राखून खर्च करतं."

"म्हंजे ग्रुपवर लई मेसेज पडले अन् ह्याच्या मेंदूनं ग्रुपच म्यूट केला?"

मॅडम हसल्या. "साधारण तसंच."

मन्या हसला न्हाई.

परतीच्या एसटीत खिडकीकडं बघत म्हणला, "म्हंजे मी नाटक करत नव्हतो."

"काय?"

"भूक. मला खरंच लागायची रे."



पुढं त्यानं पथ्य केलं, गोळ्या घेतल्या, रोज चालला. थोडं उतरलं बी.
गेल्या वर्षी आजच्याच दिवशी, दुकानात, हातात स्क्रू ड्रायव्हर असताना हार्ट बंद पडलं.

मयतीला आलेले लोक काय म्हणले?
"तोंडावर ताबा न्हाई, दुसरं काय."

म्हणून वर्षभर लेप्टिन लेप्टिन करून राहिलो. दहावीला दोनदा नापास झालेला माणूस हार्मोन शिकवतो, लोक हसतात. हसू द्या.

पण सगळं लेप्टिनवर ढकलून मी बी सुटत न्हाई.
"वाढा, वाढा" कोण बोंबलत होतं?

आज पुण्यस्मरणाची पंगत होती. माझ्या बाजूची जागा कुणी घेतली न्हाई. ताटं मांडणाऱ्या पोरानं सवयीनं तिथं बी एक ताट टाकलं.

बुंदी घेऊन तेच मामा आले. रिकाम्या ताटापुढं थांबले.
सगळे माझ्याकडं बघायले. आता हा काहीतरी बोलणार.

मी त्या ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"नका वाढू मामा. पोट भरलंय त्याचं."

भावपूर्ण श्रद्धांजली, मन्या.
ह्या बारीला मस्करी न्हाई.