रजेची वाट

फाट्यावर एसटी थांबली की आई पदर सावरून दारात उभी राहते. तिला विसरण्याचा आजार आहे; बाबा वारले, हे तिच्या ध्यानात राहत नाही. बाबा फौजेत होते. निवृत्त होऊन आले ते तिला सोडून एक दिवसही कुठे राहिले नाहीत. शेवटी शेवटी तिची वेणीसुद्धा तेच घालायचे. त्यातलं काहीच तिच्यापाशी उरलेलं नाही. माणूस जन्मभर जिच्यासाठी झिजला, तिच्याच मनातून असा पुसला जातो.

काल ती म्हणाली, "यांना यंदाही रजा मिळाली नाही वाटतं."

"आई, बाबा कायमचे घरी आले होते गं. कितीतरी वर्षं तुझ्याजवळच होते."

तिनं माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं. "आले असते तर मला कळलं नसतं?"