पुंगळीकाकांची चिंच

पुंगळीकाका मैदानावर कधी समोर बघून चालले नाहीत. नेमबाजी संपली, की क्लबातली बाकीची मंडळी आपल्या गोळ्या कुठे लागल्या ते बघायला टारगेटाकडे धावायची आणि हे मात्र खाली मान घालून गवतात. काडतूस उडालं की रायफलीतून त्याची रिकामी पितळी पुंगळी बाहेर पडते, ती वेचत. स्वतःची, शेजाऱ्याची, कोणाचीही. "अगं, पितळ आहे ते! टाकतात का असं?" हे मला उद्देशून. जशी काही सगळी मीच फेकली होती!

मी किवींच्या देशात, टौरंगाला शिकायला आले आणि इथलीच झाले. किवीफ्रूटच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटीचं काम करते आणि तेव्हा काका-काकूंच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. काका मूळचे पुण्याचे, इंजिनीअर. बंदरावरच्या क्रेनची देखभाल करून रिटायर झालेले. शनिवारी नुसती लोळत पडतेस म्हणून मला रायफल क्लबात ओढून नेलं तेही त्यांनीच. तिथल्या गोऱ्यांनी त्यांचं नाव पटकन उचललं होतं, कारण इथे काका नावाचा एक पोपट आहे. "किया ओरा, काका!" असं आमचा क्लब कॅप्टन ट्रेव्हर लांबूनच ओरडायचा. पुंगळीकाका म्हणायचे ते फक्त मी आणि काकू, आणि तेही त्यांच्या पाठीमागे.

माणूस पक्का शाकाहारी. हरणाच्या शिकारीला चला म्हणून ट्रेव्हरनं हीप्स ऑफ टाइम्स विचारलं असेल, पण काका ठाम. "मी फक्त कागद मारतो," म्हणायचे. आणि तो कागद मारायलासुद्धा विकतचं काडतूस चालायचं नाही. "विकतचं म्हणजे खानावळीचं जेवण. पोट भरतं, पण आत काय घातलंय कोण जाणे!" म्हणून गॅरेजात त्यांनी टेबल मांडलं होतं. जुनीच पुंगळी साफ करायची, तिच्यात बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजलेली दारू आणि गोळी भरायची, की झालं काडतूस.

त्यातलं भरणं दहा मिनिटांचं असेल तर साफसफाई दिवसभराची. आधी जळकी टोपी ठोकून काढायची. मग गरम पाण्यात चिंच कोळून पुंगळ्या त्यात बुडवायच्या. क्लबातले लोक बाटलीतली कसली कसली औषधं वापरायचे. काका म्हणायचे, "देवाची समई चिंचेनं उजळते, मग ही का नाही?" काकूंना हे अजिबात खपायचं नाही. "बंदुकीच्या काजळीची चिंच माझ्या समईला लावाल तर याद राखा," असा त्यांनी दम भरला होता आणि समईच्या चिंचेचा डबा वेगळा करून वर नाव घालून ठेवला होता.

पण चिंच फार वेळ चालत नाही. जाड तांब्याकळशीचं काही बिघडत नाही, पातळ पुंगळीला मात्र तो आंबटपणा आतून खातो. काकांचं घड्याळ होतं काकूंचा कुकर. गॅरेजाला लागूनच स्वयंपाकघर. काकूंनी वरणभाताचा कुकर चढवला की हे पुंगळ्या चिंचेत टाकणार आणि तिसरी शिट्टी झाली की काढणार. एकदा मी मोबाइलवर टायमर लावून दिला तर म्हणाले, "त्याला वास येतो का वरणाचा?"

धुऊन, वाळवून झाल्यावर उन्हात खुर्ची टाकून बसायचे आणि एकेक पुंगळीत वाकडी केलेली बारीक तार घालून आतून चाचपायचे. तार कुठे अडली की समजायचं, भिंतीला तडा आहे. ती बाजूला. बाकीच्यांकडे बघून समाधानानं म्हणायचे, "मळलीय, फुटलेली नाही." हेच वाक्य ते माणसांनाही लावायचे. पॅकहाउसात सुपरवायझरनं सगळ्यांसमोर झापलं त्या दिवशी मी रडत घरी आले. काकांनी चष्म्यावरून बघितलं. "मळली आहेस, फुटलेली नाहीस. जा, गरम पाण्यानं अंघोळ कर." राग आला हो मला तेव्हा! पण अंघोळ करून आले आणि खरंच पोटभर जेवले.

मग काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता घर रिकामं झालं. मुलगी मनीषा पामर्स्टन नॉर्थहून आली, राहिली, चला म्हणाली. काका हलले नाहीत. टोस्ट आणि डब्यातलं सूप यांवर दिवस काढू लागले. मी भात द्यायचे तो राइस कुकरातला. ते बिचारं यंत्र नुसता दिवा लावतं, शिट्टीबिट्टी काही नाही.

एका वीकेंडला मी माउंट रॉस्किलला मैत्रिणीकडे गेले होते. परत आले तर काका गॅरेजात पक्कड घेऊन बसलेले आणि पुंगळ्या एकेक करून चेपत होते. शनिवारी त्यांनी त्या चिंचेत टाकल्या होत्या आणि रविवार संध्याकाळपर्यंत तशाच राहिल्या होत्या. पिवळं पितळ गुलाबी पडलं होतं. आंबटानं त्यातलं जस्त ओढून घेतलं होतं. पॉलिश करायच्या अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घोळवल्या असत्या तर पुन्हा चकचकीत झाल्या असत्या आणि कोणाला पत्ताही लागला नसता. पण अशी पुंगळी गालाला लावलेल्या रायफलीत फुटली म्हणजे?

"वाट बघत बसलो होतो," काका म्हणाले. "शिट्टी झालीच नाही गं."

ते चेपत राहिले. शेवटची पुंगळी चेपून झाल्यावर म्हणाले, "आज चिंचेत विसरलो. उद्या दारू दोनदा भरेन. शुभा, भरणं बंद. रायफलही विकून टाकतो."

मला भीती वाटली ती ह्याचीच. काकूंनंतर ह्या माणसाला धरून ठेवलं होतं त्या टेबलानं. तेही गेलं तर हे उठणार तरी कशासाठी? मी त्यांचंच वाक्य त्यांच्यावर फेकलं. "काका, मळलंय हो नुसतं. फुटलेलं नाही."

"नाही," ते शांतपणे म्हणाले. "बारीक तडा आहे. तडा लपवायचा नसतो."

पुढच्या शनिवारी ते क्लबात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी ट्रेव्हरला सगळं सांगितलं, अगदी शिट्टीसकट. रविवारी सकाळी तो जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, फटफटवत दारात हजर, हातात अख्ख्या क्लबाच्या काळ्या पुंगळ्यांची बादली. "हे कोण करणार, मेट?" एवढंच म्हणाला आणि बादली काकांच्या पायाशी ठेवली.

काकांनी आत डोकावून बघितलं. "काय रे हे! केवढी काजळी चढवून ठेवलीय गाढवांनी!" ट्रेव्हरला मराठी कळत नाही, पण एवढं कळलं. "स्वीट अ‍ॅज," असं इथलं 'झकास' म्हणत तो पळालाच.

मी ओट्याखालून काकूंचा कुकर काढला. रिंग बदलली, डाळ-तांदूळ लावले. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि चिंच भिजवली. त्या दिवशी पुंगळ्या वेळेवर निघाल्या आणि काका कित्येक आठवड्यांनी गरम वरणभात जेवले, वर तूप मागून! मग दर रविवारी तेच. भरायचं काम त्यांनी मला शिकवलं. स्वतः दारूला हात लावला नाही, शेजारी बसून माझ्या चुका तेवढ्या मनापासून काढल्या.

शेवटी मनीषाच्या आग्रहाला मान देऊन ते पामर्स्टन नॉर्थला गेले. निघताना वाकडी तार माझ्या हातात ठेवली आणि कुकर मात्र स्वतःच्या मांडीवर घेऊन गाडीत बसले. मी फाटकाशी उभी राहून रडले, ते बघून काच खाली करून ओरडले, "अंघोळ कर!"

मागच्या लाँग वीकेंडला मी तिकडे गेले होते, ट्रेव्हरनं दिलेली पुंगळ्यांची पिशवी घेऊन. काकांनी आधी मला मनीषा म्हणून हाक मारली, मग जरा थांबून म्हणाले, "तू ती क्वालिटीवाली." चला, नाव गेलं तरी हुद्दा राहिला. मनीषानं न सांगता कुकर चढवला. आम्ही पुंगळ्या चिंचेत टाकल्या आणि काका काकूंच्या समईच्या डब्याची गोष्ट सांगू लागले. पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. गोष्ट मध्येच हरवली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तिसरी शिट्टी झाली आणि काका अर्ध्या वाक्यात थांबले.

"तिसरी ना गं?"

"तिसरी, काका."

"मग बघत काय बसलीस? काढ!"