जन्माआधीच उपाशी राहिलेली पिल्लं

शैलजा गेल्याचा फोन पाटणहून आला तेव्हा मी सांगलीत, शाळेच्या ऑफिसात होते. कावीळ अंगावर काढली, एवढंच पलीकडचा माणूस म्हणाला. रडू आलं ते चार-पाच दिवसांनी. पण तिच्या पशुसंवर्धन खात्यानं ठेवलेल्या शोकसभेला गेले तेव्हा मात्र संतापच आला. ज्या साहेबांनी तिला तासगावातून हुसकावलं, तेच अध्यक्ष म्हणून बसले होते. डॉक्टर मॅडम अतिशय शांत होत्या, त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही, असं ते बोलत होते... मी उठून बाहेर आले. शैलजा शांत नव्हती. ती का शांत नव्हती, हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून हे लिहायला बसले.

तासगावात आम्ही दोघी एकाच भाड्याच्या खोलीत राहायचो. मी शिक्षिका, ती जनावरांची डॉक्टर. वाईच्या तिच्या घरी गाई-म्हशींपर्यंत चाललं होतं. वराहपालनाच्या योजनेवर नेमणूक झाली तेव्हापासून आईनं लेकीच्या नोकरीबद्दल शेजारी बोलणंच सोडलं. गावाबाहेरच्या वस्तीवर काही कुटुंबांना योजनेतून गाभण डुकरिणी दिल्या होत्या. जनावरं दिली, फोटो काढले, झालं. खाद्य मात्र 'व्याल्यावर बघू' म्हणून अडवून ठेवलेलं. शैलजा ऑफिसात जाऊन भांडायची. पोटातली पिल्लं शेवटच्या महिन्यातच सगळ्यात भराभर वाढतात, नेमकी तेव्हाच आई उपाशी राहिली तर पुढं दूधसुद्धा उतरत नाही, हे परोपरीनं सांगायची. त्यावर साहेबांचं उत्तर ठरलेलं होतं, की डुकरं उकिरड्यावर जगतात, त्यांना कसली डोहाळजेवणं.

वस्तीवरच्या रत्नाबाईची डुकरीण पहिल्यांदा व्याली. त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मीही शैलजाबरोबर गेले होते. पिल्लं मुठीएवढी, गार पडलेली... सडापर्यंत सरकायची ताकद नाही, आणि जी सरकली त्यांना दूध नाही. दुपारपर्यंत बहुतेक गेली. साहेब पाहणीला आले ते नाकाला रुमाल लावून. या लोकांना स्वच्छता ठाऊक नाही, पिल्लं मरणारच, असं रत्नाबाईच्या तोंडावर म्हणाले. शैलजानं त्यांना सरळ पत्र्याच्या आडोशाखाली नेलं.

"साहेब, हिच्या पाठीवर हात ठेवा."

त्यांनी ठेवला नाही.

"मग मीच सांगते. कणा हाताला लागतोय, बरगड्या मोजता येतायत. हिनं स्वतःचं मांस झिजवून ही पिल्लं वाढवलीत. त्यांना घाणीनं नाही मारलं. तुम्ही मारलंत."

साहेब जाऊन जीपमध्ये बसले. रत्नाबाई तेव्हा हळूच म्हणाली, "माज्या पोटात लेकरू हुतं तवा मलाबी कुनी इचारलं न्हाई, बाई." परतताना ती सायकलवर बसलीही नाही, सायकल हातात धरून गावापर्यंत चालत आली.

वस्तीचं खाद्य कुठं जात होतं, ते लवकरच कळलं. साहेबांच्या फार्मवर प्रदर्शनात मांडायला एक गाभण डुकरीण पोसत होते. पुढ्यात खाद्य सदैव, फिरणं बंद. ती इतकी सुटली की उठताना धापा टाकायची. खाद्य आवरा, हिला चालवा, असं शैलजानं वारंवार बजावलं. कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी ती डुकरीण व्यायला लागली, पण मोकळी होईचना. कळा थकल्या, पिल्लं आतच गुदमरली, जगलेल्यांतली काही तिच्याच अंगाखाली चेंगरली. शैलजा दिवसभर तिच्यापाशी, हात खांद्यापर्यंत माखलेले. आणि ठपका आला तो तिच्यावरच. बदलीचा हुकूम घेऊन ती खोलीवर आली आणि म्हणाली, "एकीला उपाशी ठेवलं, दुसरीला कोंबलं. मेली दोन्हीकडं पिल्लंच."

पाटणला गेल्यावरही ती रविवारी एस.टी.नं तासगावला यायची. रत्नाबाईची डुकरीण पुन्हा गाभण होती. मक्याचा भरडा, थोडी पेंड, बेदाण्याच्या शेडवर टाकून दिलेला माल... कधी किती द्यायचं, शेवटी किती वाढवायचं आणि कुठं हात आखडायचा, हे दोघी मिळून ठरवायच्या. या वेळी डुकरीण ना हडकली, ना सुटली. पिल्लं जन्मल्या जन्मल्या सडांसाठी एकमेकांना ढुशा द्यायला लागली, तेव्हा शैलजा किती मोठ्यानं हसली होती! पुढं त्याच पिल्लांसोबत साहेबांनी फोटो काढून घेतला आणि योजनेच्या यशाबद्दल स्वतःचा सत्कारही करवून घेतला. शैलजाचं नाव कुठंच नव्हतं. रत्नाबाईचंही नव्हतं.

शोकसभेतून निघाले ती मी तासगावची एस.टी. धरली. रत्नाबाईला कुणी कळवलंच नव्हतं. ऐकलं आणि ती होती तिथंच खाली बसली. तिनं विचारलं, सभेत कोण बोललं. मी साहेबांचं नाव सांगितलं.

"त्याला बोलू दिलं?" एवढंच ती म्हणाली.

मग पदरानं तोंड पुसून उठली. पत्र्याखाली एक गाभण डुकरीण होती. बाकीची जनावरं हाकून तिनं भिजवलेला भरडा एकटीच्या पुढ्यात ठेवला आणि दुसरं कुणी तोंड घालू नये म्हणून काठी घेऊन उभी राहिली. मी म्हणाले, रत्नाबाई, आजच्या दिवस राहू दे, बसा जरा. तिनं माझ्याकडं वळून पाहिलंही नाही.

"बाई गेल्या म्हनून हिच्या पोटातलं थांबतंय व्हय?"